लॉन मोव्हरचा चोक: केव्हा द्यावा, केव्हा काढावा

छोट्या पेट्रोल इंजिनांविषयी वाचकांची बरीच पत्रे साचली आहेत. शाळेचे मैदान, मंगल कार्यालयाची हिरवळ, शेताचा बांध अशा निरनिराळ्या ठिकाणांहून ती आली असली, तरी बहुतेकांची अडचण चोकपाशीच येऊन थांबते. म्हणून या अंकात दुसरा विषय घेतलेला नाही.

प्रश्न: आमच्या शाळेत चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाचे लॉन मोव्हर आहे. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनासाठी सप्टेंबरात मैदानातले गवत कापले, तेव्हा ते एकदोनदा दोरी ओढताच सुरू होत असे. प्रजासत्ताक दिनाच्या तयारीसाठी जानेवारीत सकाळी सात वाजता बाहेर काढले, तर दोरी ओढून खांदा भरून आला तरी ते सुरू झाले नाही आणि पेट्रोलचा वास मात्र सुटला. दुपारी तेच मशीन चोक न देता चालू झाले. मुख्याध्यापक म्हणतात की चोक नीट दिला नसेल. मी तर पहिल्यापासून शेवटपर्यंत चोक दिलेलाच ठेवला होता. चोक नेमके काय करतो आणि तो केव्हा काढायचा असतो?
— एक शाळा कर्मचारी, सेलू, जि. परभणी

उत्तर: चोक आपण दिला होता हे बरोबरच होते, तो शेवटपर्यंत काढला नाही, इथे अडचण झाली. तसे का झाले हे कळण्यासाठी एकदा एअर फिल्टरचे झाकण आणि आतला फिल्टर काढून कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, तोंडात डोकावून पाहावे. तोंडाच्या मधोमध एका बारीक दांडीवर बसवलेली, साधारण रुपयाच्या नाण्याएवढी धातूची चकती दिसेल. चोकची पट्टी एका बाजूला सरकवली की ही चकती आडवी येऊन हवेची वाट जवळजवळ बंद करते आणि पट्टी दुसऱ्या बाजूला नेली की वाट मोकळी होते. वाट बंद केली की चोक दिला आणि मोकळी केली की चोक काढला, असे समजून पुढचे उत्तर वाचावे. कारण पट्टीजवळ ‘बंद’ आणि ‘चालू’ असे काही लिहिलेले असेल, तर ते हवेबद्दल आहे की चोकबद्दल, यात पुष्कळांचा घोटाळा होतो. पुष्कळ यंत्रांवर अक्षरांऐवजी दोन उभ्या रेषांच्या मध्ये एक तिरपी रेघ अशी खूण असते. पट्टी त्या खुणेपाशी असेल तर चोक दिलेला आहे.

आता थंडीचा संबंध. पेट्रोल द्रवरूपात असताना पेटत नाही, त्याची वाफ हवेत मिसळली तरच ठिणगीने भडका होतो. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते आणि कार्बोरेटरची रचना साधारण त्याच्या आसपासचे मिश्रण देण्यासाठी केलेली असते. परभणीकडे जानेवारीत भल्या सकाळी पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा सिलेंडर, पिस्टन आणि हवेची नळी हे सगळेच गार पडलेले असते. अशा वेळी पेट्रोलचा चटकन उडणारा थोडा भाग तेवढा वाफ होतो आणि उरलेला थेंबांच्या रूपाने थंड भिंतींना चिकटून राहतो. म्हणजे आत गेलेले पेट्रोल पुरेसे असले, तरी ठिणगीपाशी पोहोचणारी वाफ अपुरी पडते.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे आणि ते उन्हाळ्यातही लागू पडते. कार्बोरेटर स्वतः पेट्रोल ढकलत नाही. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि त्या ओढीने जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून, पेट्रोल वर येते. गवत कापताना हे इंजीन मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे घेते, पण आपण हाताने दोरी ओढतो तेव्हा त्याची गती याच्या एका लहानशा अंशाइतकीच असते. हवा संथ, म्हणून ओढ कमी, म्हणून पेट्रोलही कमी. चोकची चकती वाट अडवते, त्यामुळे पिस्टनची सगळी ओढ चकतीच्या आतल्या बाजूला, म्हणजे नेमकी जेटवर येते आणि कमी हवेत जास्त पेट्रोल मिळते. म्हणून रात्रभर बंद राहिलेल्या इंजिनाला मे महिन्यातही पहिल्यांदा चोक लागतो. तो थोडा वेळच लागतो, इतकाच फरक.

आपल्या शाळेतल्या प्रसंगात काय घडले असावे, हे यावरून सांगता येते. पहिल्या काही ओढींत पुरेसे पेट्रोल आत गेले असणार आणि इंजिनाने एखादी ‘फट्’ अशी उचकी दिली असणार. ती उचकी म्हणजे चोक काढण्याचा इशारा. त्यानंतरही चोक तसाच राहिल्याने प्रत्येक ओढीला पेट्रोल आत जात राहिले, हवा मात्र गेली नाही आणि प्लगची टोके भिजून ठिणगी पडेनाशी झाली. मोटारसायकलच्या बाबतीत यालाच आपल्याकडे ‘गाडी ओव्हर झाली’ असे म्हणतात. दुपारपर्यंत उन्हाने आतले पेट्रोल उडून गेले, प्लग कोरडा झाला, म्हणून यंत्र चोकशिवाय सुरू झाले.

थंड इंजीन सुरू करताना पुढील क्रम पाळावा. आधी ऑइलची पातळी पाहावी, पेट्रोलचा कॉक उघडावा आणि कार्बोरेटरची वाटी, म्हणजे त्याच्या खालचे पेट्रोल साठवणारे भांडे, भरण्यासाठी थोडे थांबावे. नंतर चोक पूर्ण द्यावा आणि रेसची पट्टी वेगाच्या बाजूला, म्हणजे बहुतेक यंत्रांवर सशाचे चित्र असते त्या बाजूला ठेवावी. दोरी प्रथम सावकाश ओढावी. एका ठिकाणी ती जड लागते, ते कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने आतली हवा दाबणे, असते. तिथपासून दोरी हळूच आत जाऊ द्यावी आणि मग एका दमात, सरळ रेषेत ओढावी. ओढून झाल्यावर मूठ सोडून देऊ नये, हातातच धरून आत जाऊ द्यावी, नाहीतर आतली स्प्रिंग तुटते. हाताने ढकलायच्या साध्या यंत्रात दोरी ओढताना खालचे पातेही फिरते, म्हणून यंत्र सपाट, मोकळ्या जागेवर ठेवावे आणि पाय यंत्राच्या कडेपासून दूर असावेत. वर्गखोलीत, गोडाऊनमध्ये किंवा बंद शेडमध्ये ते कधीही सुरू करू नये. चोक दिलेल्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो आणि त्याला वास नसतो.

तीनचार ओढींत इंजिनाने उचकी दिली किंवा ते लागून लगेच बंद पडले, तर चोक अर्ध्यावर आणावा आणि पुन्हा ओढावे. इंजीन सुरू झाले की कान तिकडे द्यावा. आवाज जड, घुसमटल्यासारखा आणि अडखळत येत असेल, सायलेन्सरमधून काळसर धूर निघत असेल, तर हवा कमी पडते आहे. चोक आणखी काढावा. चोक काढताच आवाज पातळ होऊन इंजीन विझू लागले, तर अजून ते गार आहे. थोडा परत द्यावा. थंडीत साधारण अर्ध्या ते एका मिनिटात आणि इतर वेळी काही सेकंदांत चोक पूर्ण काढता आला पाहिजे. घड्याळापेक्षा आवाजावर विश्वास ठेवावा, असे माझे मत आहे, कारण प्रत्येक यंत्राचा आणि प्रत्येक सकाळचा हिशेब वेगळा असतो.

सात-आठ ओढींनंतरही इंजीन लागले नाही आणि पेट्रोलचा वास येऊ लागला, तर आणखी जोर लावू नये. चोक पूर्ण काढावा, रेस पूर्ण ठेवावी आणि पाचसहा वेळा दोरी ओढावी. आत जाणारी हवा जादा पेट्रोल बाहेर नेते आणि पुष्कळदा इंजीन अडखळत का होईना पण लागते. तेही साधले नाही तर प्लग खोलून पाहावा. तो ओला असेल तर स्वच्छ कापडाने पुसून वाळवावा, प्लगची वायर भोकापासून दूर नेऊन ठेवावी, दोनतीन वेळा दोरी ओढून आतले पेट्रोल बाहेर टाकावे आणि थोडा वेळ थांबून प्लग परत बसवावा. या वेळी तोंड भोकासमोर आणू नये आणि जवळपास विडी-काडी नसावी. प्लग कोरडा ठणठणीत निघाला, तर मात्र चित्र उलटे आहे: पेट्रोल आतच येत नाही. मग कॉक बंद आहे का, टाकीत पेट्रोल आहे का आणि चोकची चकती खरोखर पूर्ण मिटते का, हे पाहावे. हँडलवरून वायरने चालणाऱ्या चोकमध्ये वायर सैल पडली की वर पट्टी पूर्ण सरकते, पण खाली चकती अर्धवटच फिरते. फिल्टर काढून एकाने पट्टी सरकवावी आणि दुसऱ्याने चकतीकडे पाहावे. एका मिनिटात उलगडा होतो.

प्लगच्या भोकात चमच्याने पेट्रोल ओतून यंत्र सुरू करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. ती टाळावी. उडालेले पेट्रोल पेटण्याचा धोका तर असतोच, शिवाय हे पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढते आणि पिस्टनच्या रिंगा कोरड्या घासतात. चोक देऊन तासभर गवत कापत राहिल्यानेही हेच नुकसान होते; फक्त ते सावकाश होते, म्हणून लक्षात येत नाही. ऑइलची पट्टी काढून हुंगावी. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसत असेल, तर पेट्रोल खाली उतरले आहे असे समजून ऑइल बदलावे.

प्रश्न: आमच्या मंगल कार्यालयाच्या लॉनसाठी चार वर्षांपूर्वी घेतलेले मशीन आता चोक अर्धा दिला तरच चालते. पूर्ण काढला की आवाज वरखाली होतो आणि बंद पडते. काम करणारे मामा म्हणतात, चालते आहे ना, मग अर्ध्या चोकवरच चालवू. यंत्राला यामुळे काही होईल का?
— एक वाचक भगिनी, उदगीर, जि. लातूर

उत्तर: होईल. मामांचा अनुभव मोलाचा आहे, पण या बाबतीत त्यांचे ऐकू नये. तापलेले इंजीन चोक मागते, याचा अर्थ त्याला नेहमीच्या वाटेने पुरेसे पेट्रोल मिळत नाही किंवा कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरते आहे, आणि आपण हवेची वाट अडवून तो तुटवडा झाकतो आहोत. दोष तसाच राहतो आणि रोज थोडा वाढतो. आवाज वरखाली होतो असे आपण लिहिले आहे, ते लक्षणही याच्याशी जुळते: पेट्रोल कमी पडून इंजीन मंदावते, गती कायम राखणारा गव्हर्नर रेस उघडतो, गती वाढते, तो ती परत कमी करतो, आणि हे चक्र चालूच राहते.

सर्वांत आधी जेट पाहावा. आपल्या भागात लॉन मुख्यतः जुलै ते ऑक्टोबरमध्ये वाढते. पुढे पाणी जपून वापरावे लागते, म्हणून गवत कापणेही कमी होते आणि यंत्र कित्येक महिने कोपऱ्यात पडून राहते. त्या काळात वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे राळेसारखा चिकट पदार्थ उरतो, तो जेटच्या केसासारख्या बारीक भोकात बसतो. मिस्त्रीकडून कार्बोरेटर खोलून, क्लीनरचा फवारा मारून आणि हवेच्या दाबाने जेट साफ करून घ्यावा. सुई किंवा लोखंडी तार भोकात घालू देऊ नये. जेट पितळेचा असतो, भोक जरासे मोठे झाले की मिश्रण कायमचे बिघडते आणि मग नवा जेट घालण्यावाचून गत्यंतर उरत नाही. वाटीच्या तळाशी पाण्याचे थेंब किंवा गाळ आहे का, तेही त्याच वेळी पाहावे. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि जेटमध्ये तेच आधी ओढले जाते.

जेट स्वच्छ असूनही फरक पडला नाही, तर कार्बोरेटर आणि इंजीन यांच्यामधले पॅकिंग तपासावे. चार वर्षांच्या हादऱ्यांनी तिथले नट ढिले झालेले असतात किंवा पॅकिंग तडकलेले असते. तिथून शिरणारी हवा चोकच्या चकतीमागून आत येते, त्यामुळे मिश्रणात पेट्रोल कमी पडते. यंत्र सुरुवातीला नीट चालून दहापंधरा मिनिटांनी बंद पडत असेल, तर टाकीच्या झाकणातले हवेचे बारीक छिद्र बुजले असण्याची शक्यता असते. झाकण सैल करताच यंत्र पूर्ववत चालले, तर हाच दोष.

एअर फिल्टरचे लक्षण मात्र याच्या अगदी उलट असते, आणि त्या दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये. काळ्या मातीची धूळ बारीक असते, सोयाबीनची रास झाल्यावर तर भुशासकट ती सगळीकडे पसरते. फिल्टर त्याने गच्च भरला की इंजीन कायम चोक दिल्यासारखे वागते: काळा धूर, वाढलेला पेट्रोलचा खर्च, काजळीने काळाकुट्ट झालेला प्लग, आणि फिल्टर काढताच मोकळा होणारा आवाज. ही चाचणी क्षणभरापुरतीच करावी, फिल्टर न लावता गवत कापू नये. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, इंजीन ऑइलचे काही थेंब लावून आणि पिळून बसवावा. कागदी फिल्टरला पाणी किंवा ऑइल लावू नये, तो हलकेच झटकावा आणि जास्त मळला असेल तर बदलावा. प्लगचा रंग पाहण्याचीही सवय ठेवावी: फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी. आपल्या यंत्राचा प्लग, जेट चोंदलेला असेल तर, चोकशिवाय थोडा वेळ चालवून पाहिल्यास पांढरट निघेल असे वाटते.

प्रश्न: एप्रिल-मेमध्ये महाविद्यालयाच्या बागेत अर्धा तास गवत कापून पाणी पिण्यासाठी यंत्र बंद केले, की दहा मिनिटांनी ते पुन्हा सुरू होत नाही. चोक दिला तर आणखीच बिघडते. काय करावे?
— एक माळी, नांदेड

उत्तर: तापलेल्या इंजिनाला चोक देऊ नये, हाच नियम इथे लागू आहे. ४२ अंशांच्या उन्हात इंजीन बंद केले की पंख्याची हवा थांबते, आणि सिलेंडरची उष्णता कार्बोरेटरकडे चढू लागते. वाटीतले पेट्रोल उकळून त्याची वाफ गळ्यात भरते. म्हणजे चोक न देताच आत पेट्रोल जास्त झालेले असते. त्यात चोक दिला की उरलीसुरली हवाही अडते. चोक पूर्ण काढलेला ठेवून, रेस पूर्ण देऊन दोनतीन वेळा दोरी ओढावी. लागले नाही तर यंत्र सावलीत नेऊन पंधरावीस मिनिटे थांबावे. इंजीन लवकर गार व्हावे म्हणून त्यावर पाणी टाकणे किंवा ओले पोते ठेवणे धोक्याचे आहे, तापलेला धातू एकदम गार पडला की तडकतो.

याला एक अपवाद आहे. पेट्रोल संपल्यामुळे यंत्र बंद पडले असेल, तर वाटी रिकामी झालेली असते. अशा वेळी इंजीन अजून कोमट असले तरी, पेट्रोल भरून कॉक उघडून थोडे थांबावे आणि तरीही ते लागले नाही तर अगदी एकदोन ओढींपुरता चोक द्यावा. पेट्रोल मात्र इंजीन गार झाल्यावरच भरावे; तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेले पेट्रोल पेटते. सिलेंडरला गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांमध्ये अडकलेले वाळके गवतही काढून टाकावे. पट्ट्या मोकळ्या असल्या की निम्मा त्रास कमी होतो. आणि उन्हाळ्यात हे काम सकाळी नऊच्या आत उरकता आले तर यंत्रालाही आणि आपल्यालाही बरे.

प्रश्न: बांधावरचे गवत काढण्यासाठी टू-स्ट्रोक ब्रश कटर घेतला आहे. त्याला चोकही आहे आणि एक पारदर्शक रबरी फुगाही. माझा पुतण्या फुगा वीसपंचवीस वेळा दाबतो आणि चोक देत नाही. म्हणतो, फुगा दाबला की चोकची गरज नाही. त्याचे बरोबर आहे का?
— एक शेतकरी, अंबड, जि. जालना

उत्तर: पुतण्याने बहुधा दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर हे पाहिले असावे. काही लॉन मोव्हरवरचा फुगा दाबला की पेट्रोल थेट कार्बोरेटरच्या गळ्यात जाते. तो चोकचेच काम करतो, आणि म्हणून तिथे चोक नसतो. अशा यंत्रात फुगा माहितीपुस्तिकेत सांगितला आहे तितक्याच वेळा, साधारण तीन ते पाच वेळा दाबावा. ब्रश कटरच्या डायफ्राम कार्बोरेटरवरचा (त्यात वाटीऐवजी लवचीक पडदा असतो) फुगा मात्र टाकीतून पेट्रोल वर ओढून नळीतली हवा काढतो आणि जादा पेट्रोल दुसऱ्या नळीने टाकीत परत पाठवतो. त्याने मिश्रणात पेट्रोल वाढत नाही. फुग्यात पेट्रोल दिसू लागले की आणखी चारदोन वेळा दाबणे पुरेसे असते. त्यानंतर पन्नास वेळा दाबले तरी नुकसान नाही आणि फायदाही नाही. थंड इंजिनाला चोक द्यावाच लागतो.

यात पहिल्या उचकीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. चोक देऊन दोरी ओढत असताना एकदा ‘फट्’ असा आवाज आला की थांबावे, चोक काढावा आणि मग ओढावे. पुढच्या काही ओढींत यंत्र सुरू होते. टू-स्ट्रोक इंजीन छोटे असल्याने ते फार लवकर ओव्हर होते. हा आवाज फार हलका असतो आणि शेजारी मोटर किंवा ट्रॅक्टर चालू असेल तर ऐकूच येत नाही, म्हणून नव्याने शिकणाऱ्याने शांत जागी सराव करावा. पात्याकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये. चोक दिलेला असताना पुष्कळ यंत्रांत रेसही थोडी वाढलेली असते, त्यामुळे इंजीन लागताच पाते फिरू शकते. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल किती मिसळायचे ते यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. प्रमाण ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. ऑइल जास्त झाले की प्लग चिकट होऊन चोकशी संबंध नसलेलीच अडचण उभी राहते. कापसावर फवारणीसाठी वापरतात त्या टू-स्ट्रोक पॉवर स्प्रेअरलाही उचकीनंतर चोक काढण्याचा हाच नियम लावावा.

प्रश्न: आमच्या सोसायटीने नवे लॉन मोव्हर घेतले. त्याला चोकची पट्टीच नाही. दुकानदाराने भाग कमी दिला की काय?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: तसे नसावे. काही यंत्रांत फुगा असतो, तर काहींत चोक आपोआप चालतो: तापमानाप्रमाणे आकार बदलणारी धातूची पट्टी किंवा मेण भरलेली छोटी नळी चकती मिटवते आणि इंजीन तापले की उघडते. मोटारसायकलींतही हेच झाले आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर बहुतेक दुचाकी कार्बोरेटर सोडून पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनवर गेल्या आणि चोकची पट्टी नाहीशी झाली, त्यामुळे आज वीस वर्षांच्या मुलाने ती हाताळलेलीच नसते. आपल्या यंत्रात आपोआप चालणारा चोक असेल, तर एअर फिल्टर आणि चकतीची दांडी स्वच्छ ठेवणे एवढेच आपले काम. धुळीने दांडी अडकली की चोक मिटलेलाच राहतो आणि यंत्र धूर सोडू लागते.

प्रश्न: दिवाळीनंतर ठेवलेले यंत्र जूनमध्ये काढतो तेव्हा दरवर्षी चोक देऊनही ते लागत नाही, मिस्त्रीकडे न्यावेच लागते. पेट्रोल टाकीत असतेच. आता पंपावर मिळणाऱ्या इथेनॉलच्या पेट्रोलमुळे हे होते का?
— एक वाचक, उमरगा, जि. धाराशिव

उत्तर: मुख्य कारण सात महिने जुने पेट्रोल हेच आहे. त्यातला चटकन उडणारा भाग निघून गेलेला असतो, आणि थंड इंजीन सुरू करायला तोच भाग लागतो. चोक पेट्रोलचे प्रमाण वाढवू शकतो. शिळ्या पेट्रोलला ताजे करू शकत नाही. इथेनॉलमुळे भर पडते, हेही खरे आहे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून निवडक पंपांवर मिळू लागले आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक ठिकाणी पोहोचले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पाणी फार झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात आणि पेट्रोल वर राहते. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते आणि त्यात ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर मिश्रण थोडे फिके पडते, म्हणजे त्यात इंधन कमी पडते, म्हणून थंडीत चोक पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ लागू शकतो. अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्केच लिहिलेली असते. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत काय आहे ते पाहावे आणि रबरी नळ्या फुगल्या किंवा चिकट झाल्या असतील तर बदलाव्यात.

यंदा यंत्र ठेवताना टाकी रिकामी करावी. मग यंत्र मोकळ्या जागी सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे वाटी आणि जेट कोरडे होतील. शेवटी इंजीन विझू लागले की चोक देऊन आणखी काही क्षण चालवावे, तळाचे पेट्रोलही त्याने ओढले जाते. वाटीला खालून स्क्रू असेल तर तो सैल करून उरलेले थेंब भांड्यात काढावेत. जूनमध्ये लागेल तेवढेच ताजे पेट्रोल आणावे, टाकीत ओतून कॉक उघडावा आणि मिनिटभर थांबून मगच चोक देऊन दोरी ओढावी. कोरडी वाटी भरलेली नसताना पहिल्या काही ओढी वाया जातात, आणि त्यामुळेच पुष्कळ जण मिस्त्रीला बोलावतात.